शास्त्रज्ञ नसलेली बाई

४ फेब्रुवारी, मंगळवार
समितीकडून आलेली नव्या प्रयोगाची दोनशे बारा पानं वाचली! डोळे गेले, पण सापडलं. लुळ्या हातात बळ आणायला मेंदूत तार बसवणार, छातीत बॅटरी. प्रयोग दोन वर्षांचा. त्यानंतर बॅटरी कोण बदलणार? एक ओळ नाही.

चर्चमधल्या व्हर्नेलचं हेच झालं. उदासीवर म्हणून तार बसवली, वर्षभर बाई गात होती. मग कंपनी बुडाली, बॅटरी संपली. तार डोक्यात तशीच, आणि एकही डॉक्टर हात लावायला तयार नाही. आता ती दिवसभर पडदे ओढून बसते.

ऑरिनला दाखवलं. अर्धांगवायूने त्याचा डावा हात गेला तेव्हापासून सगळं उजव्याने करतो, तक्रार नाही. "बरं आहे," म्हणाला. या नवऱ्याचं घराला आग लागली तरी बरंच असेल.

११ फेब्रुवारी
रुग्णांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या दवाखान्याच्या नीतिसमितीत आम्ही नऊ जण. आठ डॉक्टर नि प्राध्यापक. नववी मी, शाळेच्या बसची निवृत्त ड्रायव्हर. शास्त्रज्ञ नसलेलं एक तरी माणूस खोलीत असल्याशिवाय मतं घेता येत नाहीत, म्हणून मला ठेवलंय. मी नेलेल्या लिंबाच्या वड्या सगळ्यांनी खाल्ल्या, माझा मुद्दा कुणी गिळला नाही. अध्यक्ष डॉ. लिंडगार्ड गोड हसून म्हणाले, कंपनी रुग्णाला वाऱ्यावर सोडेल अशी वेळ सहसा येत नाही.

मी म्हटलं, "एकतीस वर्षं प्रत्येक रेल्वे फाटकाशी बस थांबवली, दार उघडलं, कान दिला. एकदाही गाडी आली नाही. तरी थांबले."

सगळे तरीही मतं घ्यायला निघाले. मी कोट उचलला आणि बाहेर बाकावर जाऊन बसले! घ्या आता मतं.

दहा मिनिटांनी लिंडगार्ड आले. "मार्लिस, आत या ना."

"ती ओळ आली की येते."

१२ फेब्रुवारी
पाठीत उसण. बाक फार कडक होता. मजा आली!

२५ फेब्रुवारी
जिंकले! आमच्या दवाखान्यात तार बसवून घेणाऱ्या प्रत्येकाला कंपनीने लिहून दिलं — माणूस आहे तोवर बॅटरी, डॉक्टर, आणि नको झाली तर तार काढणंही त्यांच्याकडे. कंपनी बुडालीच तर त्यासाठी पैसे वेगळे काढून ठेवलेले. ते वाक्य मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं. व्हर्नेलला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, "पुढच्यांचं तरी भलं झालं."

ऑरिनने एका हाताने पॅनकेक केले. दोन जळले. इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

९ मार्च
ऑरिनच्या कोटात त्याने सही केलेला संमतीचा फॉर्म सापडला. शेजारच्या राज्यातला दवाखाना, तीच कंपनी, तोच प्रयोग. तिथल्या समितीने जुनाच फॉर्म मंजूर केलाय. माझं वाक्य त्यात नाही. शस्त्रक्रिया उद्या, सोमवारी.

"तू समितीत, म्हणून इथे मला घेत नाहीत," तो म्हणाला. "आणि मला हात हवाय, मार्लिस."

ती पानं दाखवली तेव्हा मी विचारलं होतं त्याला, अशी तार बसवावीशी वाटते का. नको म्हणाला होता. आमच्याकडे ताटातला शेवटचा तुकडासुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणी घेत नाही. मी एकदाच विचारलं.