बुडालेल्या लाँचची बातमी

देरा, दुबई

३ नोव्हेंबर १९६४, मंगळवार
ऑफिसात महिना पुरा झाला. ऑफिस म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली, एक टाइपरायटर, एक सायक्लोस्टाइल मशीन. दर शनिवारी आठ पानी इंग्रजी बातमीपत्र निघतं. संपादक परकारसाहेब (इथून पुढे प. सा.) आपल्याच कोकणातले, कुलाबा जिल्ह्याचे, मुंबईच्या पेपरात वीस वर्षं काढलेले. आज माझ्या बंदराच्या बातमीच्या चौदा ओळींच्या चार केल्या. "हे तू पाहिलंस? नाही ना? मग कुणी सांगितलं ते लिही. नाव नसेल तर खलास, काढून टाक."
राग आला. चार ओळी वाचल्यावर गेला.

८ नोव्हेंबर, रविवार
खाडीवरच्या चहावाल्याकडे हसन भेटला. आमच्या शेजारच्या गावचा, शाळेत माझ्या मागे दोन वर्षं. आधी ओळखलाच नाही, इतका वाळलाय. लाँचने आला, कागदपत्रांशिवाय. पूर्व किनाऱ्यावर, खोरफक्कानच्या बाजूला पहाटे सगळ्यांना उतरवलं.
"नाखव्यानं सांगितलान, पाणी छातीभर आहे, उतरा. आम्ही उतरलो. पाय टेकलेच नाहीत, भाई."
तिघं गेले. त्यात ह्याचा धाकटा भाऊ, करीम. बाकीचे डोंगर ओलांडून पायी इथवर आले. आईला अजून कळवलेलं नाही.
चहाचे पैसे त्यानेच दिले.

९ नोव्हें., सोमवार
प. सा. ना सांगितलं. खुर्चीतून उठलेच. "नावं घे. लाँच कुठली, माणसं भरणारा एजंट कोण, सगळं. यल्ला, जा."
हसन आणि अजून आठ जण खाडीपलीकडे एका शेडमध्ये राहतात. बोलायला कुणी तयार नव्हतं. हसननेच समजावलं, "हा आपला माणूस आहे." मी शब्द दिला, छापताना एकाचंही नाव येणार नाही. मग बोलले. नऊ नावं, गावं, शेडची जागा, सगळं वहीच्या एकाच पानावर. हसन शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "अक्षर शाळेतलंच राहिलंय तुझं."

१२, गुरुवार
सात वेळा लिहून काढलं. प. सा. नी चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. एक शब्द कापला नाही! "आता तू रिपोर्टर झालास." पाठीवर हात ठेवला. अब्बा गेल्यापासून असा हात कुणी—
"वही ठेवून जा. नावं ताडून बघतो. छापायचं तर आपली बाजू पक्की हवी."
ठेवून आलो. गावी बहिणीला, जुबेदाला पत्र टाकलं, अंक पाठवतो म्हणून.

१४, शनिवार
अंक आला. माझं एक अक्षर नाही. तिसऱ्या पानावर, खाली: लाँच बुडाल्याच्या अफवा निराधार आहेत, आमच्या प्रतिनिधीने जातीने चौकशी केली आहे.
प्रतिनिधी म्हणजे मी. दुसरा आहे कोण?
प. सा. आज आले नाहीत. वही टेबलावर होती. ते पान फाडलेलं.

१५, रविवार
शेड रिकामी. शेजारी हॉटेलात एक म्हातारा कोकणी आचारी आहे, त्याला विचारलं. शुक्रवारी जीप आली, एजंटची माणसं. कागद बघून एकेक नाव घेत होती.
"हसन काही बोलला?"
आचाऱ्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "त्या कागदाकडे बघत होता. म्हणाला, हे अक्षर मी ओळखतो."
मी म्हटलं, चाचा, मी दिला नाही तो कागद. तो म्हणाला, "मला कशाला सांगतोस?"

१६, सोमवार
प. सा. ना तोंडावर विचारलं. नाकारलं नाही. ते सोपं गेलं असतं.
"एजंट माझा जुना दोस्त. ही खोली त्याची, मशीन त्याचं. त्याने शब्द दिलाय, सगळ्यांना सुखरूप घरी पोचवणार."
"शब्द मीही दिला होता, साहेब."
ते म्हणाले, "लेख उत्तम होता. माझ्या आयुष्यात मला असा लिहिता आला नाही." हे खरंच मनापासून म्हणाले. त्याचीच जास्त चीड आली. वर म्हणतात, नोकरी पक्की करतो, शनिवारपर्यंत सांग.
लेखाची प्रत मागितली. जाळली म्हणे.

१९, गुरुवार
तीन दिवस आठवून लिहितोय, मराठीत. मुंबईच्या पेपरला पाठवीन. नावांशिवाय सगळं जमलं. पण छापून आलं आणि हसन अजून त्यांच्याच ताब्यात असला तर?

२०, शुक्रवार
जुम्म्यानंतर धक्क्यावर गेलो. रत्नागिरीकडे कुठली लाँच सुटली का, नऊ माणसं चढली का, विचारत फिरलो. कुणाला ठाऊक नाही. शेवटी एका मुकादमाने विचारलं, "आप कौन? अखबारवाले?"
नाही म्हणालो. उनके गाँव का हूँ.
"एक बुधवार को गई है. आदमी थे. कितने थे, गिने नहीं."
घरी पोचायला किती दिवस लागतील, ते विचारलं. वारा बघून, म्हणाला. मुंबईच्या पेपरचं पाकीट बंद करून ठेवलंय. पत्ता लिहिलाय, तिकिटं लावलेली नाहीत.