आईच्या साडीचा अबोली

गुरुवार, १४ नोव्हेंबर

“वहिनी कडेलाच आहेत, माउंटच्या पुठ्ठ्याखाली गेल्या तरी चालेल.” बाबा गेल्यानंतरच्या वर्षी, चुलतबहिणीच्या लग्नातला घरच्यांचा फोटो फ्रेम करायला देताना काका हे आईसमोरच म्हणाले होते. विधवा म्हणून फोटोत कडेला उभं केलं, आणि मग फ्रेममध्ये तेवढीही उरली नाही.

रविवारी काकांची पंचाहत्तरी. तोच फोटो नव्याने मढवायचं काम माझ्याकडे आलं. आलं कसलं, मी मागून घेतलं.

नारायण पेठेतल्या फ्रेमवाल्यांनी रंगीत पुठ्ठ्यांचे तुकडे फोटोच्या कडेला धरून दाखवले. “मुख्य माणसाच्या कपड्यातला रंग घ्या, बाई.” मी आईच्या साडीचा अबोली घेतला. माउंटची चौकट डावीकडे सरकवा म्हटलं.

“मग उजवीकडचे गृहस्थ झाकले जातील.”

“जाऊ देत.”

“माउंट अरुंद घेतलात तर दोघंही मावतात की. भांडण तुमचं असेल, फोटोत जागा आहे.”

म्हणजे तेव्हाही आई मावली असती. हे आज कळलं आणि उरलीसुरली दयाही गेली. रुंदच माउंट सांगितला. काकांचं फक्त कोपर दिसेल, अबोलीला टेकलेलं.

आज आई असती तर तिला हे आवडलं नसतं. तिनं काकांना आत घेतलं असतं. मी तिच्यासारखी का नाही? नसेन.

उद्या फोन करीन. नाहीच म्हणतील, तरी विचारीन: काका, हा फोटो तुमच्या दिवाणखान्यात लावाल का? आई आहे त्यात.