खडकमाळची लांडगीण

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
वन विभाग, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर.

अर्जदार : सौ. जयमाला योगेश ठुबे, रा. खडकमाळ वस्ती.

विषय : पिंजऱ्यात धरलेली मादी लांडगा तिच्या पिलांसाठी परत माळावर सोडणेबाबत, व मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त होणेबाबत.

संदर्भ : माझ्या सासूबाई श्रीमती भिमाबाई यांच्यावरील हल्ल्याचा पंचनामा.

महोदय,

"बाई, नेलंस ते नेलंस, आता लेकरांकडं जा." माझे सासरे कै. उत्तमराव दिवस मावळताना माळाच्या कडेला उभे राहून लांडगिणीला असे ओरडून सांगत. मी तेव्हा नवी नवरी होते. मला वाटले, कुण्या शेजारणीशीच बोलतात. करडू गेले तरी त्यांनी तिला शिवी दिली नाही. अर्ज लिहायला बसले तेव्हा आधी तोच आवाज कानी आला, म्हणून आधी तोच लिहिला. सरकारी कागदात तो बसत नसल्यास क्षमा असावी.

१. संक्रांतीच्या आठवड्यात सासूबाई शेळ्या घेऊन माळावर गेल्या असता त्यांच्यावर हल्ला झाला. दंडाचे आणि मांडीचे मांस गेले. मी त्यांच्याजवळ नगरला दवाखान्यात होते. इकडे पंचनाम्यात माझे पती श्री. योगेश यांनी "लांडगा" असे सांगितले. त्यांनी पाहिलेले नव्हते. शेजारचे भागवतभाऊ त्यांना म्हणाले होते, "कुत्रं लिवलं तर कोन इचारतंय? लांडगा लिवा, सरकार मदत देतंय." साऱ्या वस्तीने माना डोलावल्या. त्यावरून आपण पिंजरा लावला आणि लांडगीण सापडली. आपण कागदाप्रमाणे वागलात. कागद आमचा होता.

२. ती पान्ह्यावरची आहे. ओढ्याच्या कपारीत तिची पिले आहेत. नर तोंडात काहीबाही आणतो, पण दूध कोठून आणणार? कपारीतून बारीक कुईकुई ऐकू येते, ती दिवसेंदिवस मंदावत चालली आहे. म्हणून या अर्जाचा निर्णय सवडीने होऊ नये.

३. आता कुत्र्यांविषयी. आमच्याकडे कुत्रे खंडोबाचे मानतात, त्याला मारत नाहीत. कुत्री व्याली की एखादे पिलू ठेवतात, बाकीची पोत्यात घालून माळावर सोडतात आणि शेजारी एक भाकरी ठेवतात. भाकरी ठेवली की पाप लागत नाही, अशी समजूत. पूर्वी त्यातली बहुतेक मरत. आता पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात. आमची दया आणि त्यांची घाण, दोन्हीवर ती जगली, वाढली आणि त्यांचा कळप झाला. त्यांना माणसाची भीती नाही, कारण ती माणसाच्याच दारातून गेलेली आहेत.

४. त्या कळपाने माळ मुका केला. पवन्या गवतात टिटवीची अंडी राहिली नाहीत, तित्तिर बोलत नाही, ससा दिसत नाही. गाभण हरणी दमेपर्यंत पळवतात, पाडतात आणि न खाता सोडून देतात. खोकडं तोंडाला फेस येऊन मेली. कुत्र्यांचाच रोग त्यांना लागला, असे जनावरांचे डॉक्टर म्हणाले. खोकडं गेली तसे उंदीर मातले आणि ज्वारीची ताटे बुडातून आडवी झाली. लांडगा माळावरून भूक भागेल एवढेच नेतो. याउपर कुणाची बाजू घ्यायची ते आपण ठरवावे.

५. हा प्रश्न मी ग्रामसभेत मांडला. कुत्री कुणाची, असे विचारता एकाही घराने आपली म्हटली नाही. ती आभाळातून पडली अशीच नोंद करावी लागेल. कल्याणराव उभे राहून सांगत होते की, आमचा टायगर गोठा सोडून कुठे जात नाही. तेवढ्यात टायगर देवळामागून हरणाचा खूर चघळत आला. सभेने पाणीपट्टीचा विषय घेतला.

६. सासूबाईंच्या जखमा चहूबाजूंनी आहेत. एकटी लांडगीण चहूबाजूंनी कशी चावेल? पण त्या स्वतः काहीच सांगत नाहीत. मागच्या आठवड्यात गावकऱ्यांनी त्यांना टेम्पोत बसवून आपल्या खात्याच्या रोपवाटिकेत ठेवलेल्या पिंजऱ्यासमोर नेले आणि हीच का, म्हणून विचारले. त्या लांडगिणीच्या ओघळत्या सडांकडे बघत राहिल्या. तेव्हापासून अन्नावरून हात फिरवून उठतात.

तरी लांडगीण आजच्या आज कपारीजवळ सोडावी, ओढ्यातली कोंबड्यांची घाण बंद करावी आणि कळप धरून नसबंदी व लसीकरण करावे. पंचनामा बदलल्याने आमची मदत गेली तर जाऊ द्यावी. योगेश यांनीही खाली सही केली आहे.

उत्तराची नव्हे, पिंजरा उघडल्याची वाट पाहणारी,
सौ. जयमाला योगेश ठुबे
श्री. योगेश उत्तमराव ठुबे
दि. ९/२/२०२५

सोबत : १. दवाखान्याचे कागद. २. ओढ्यातील कोंबड्यांचे फोटो.

ता. क. : वरील अर्ज अंगठ्यासाठी सासूबाईंना वाचून दाखवला. अंगठ्याला शाई लावली, तशा त्या बोलल्या. त्यांच्या शब्दांत लिहिते :

"लांडगा न्हवता, जयमाला. म्होरला कुत्रा आपला कान्या हुता. ट्रकखाली गेला म्हनून तुमाला खोटं सांगितलं. त्याला खरूज झाल्ती, मीच न्हेऊन सोडला, भाकरी ठिवून. त्या दिशी मी नावानं हाक मारली. त्यानं वळखलं, शेपूट हलावलं. म्हनून मी काठी खाली टाकली."