साडेतीन मुहूर्तांचा कॉम्प्युटर

२१ मार्च २००४, गुढीपाडवा

आणला! मदरबोर्ड म्हणतात त्याला. मधोमध चाळणीसारखी बारीक भोकं. गुढीपुढे ठेवून खोक्यावर हळदकुंकू वाहिलं.

स्वरदा म्हणाली, "आई, सगळे भाग एकदम घेतात गं. एकमेकांना जुळावे लागतात." म्हटलं, माझ्या पाटल्या अशाच झाल्या – साडेतीन मुहूर्तांना थोडं थोडं सोनं घेऊन. त्या नाही का जुळल्या? "अगं, हे सोनं नाहीये!"

कॉम्प्युटर घरी आला की तिचं हॉस्टेलचं खूळ जाईल. म्हणे पुण्याला कॉलेजची लॅब उशिरापर्यंत उघडी, आणि पौडची शेवटची एसटी आधीच सुटते. म्हणून तिकडेच राहायचं! एकुलती एक पोर. नाही म्हणजे नाही.

२२ एप्रिल, अक्षय्य तृतीया

रॅम घेतली. एवढीशी, फणीसारखी. खाली सोनेरी दात.

१८ जून

स्वरदाचं आणि माझं पुन्हा वाजलं. शेवटी ह्यांनी तोड काढली. "दिवाळीच्या पाडव्याला यंत्र चालू झालं तर पोरगी घरी. नाही झालं तर डिसेंबरात हॉस्टेल. आता दोघींनी मला पेपर वाचू द्या."

कबूल! माझे मुहूर्त कधी वाया गेलेत?

३ सप्टेंबर

बानूबाई शेळीचं दूध घेऊन आली. देवघरातली खोकी बघून म्हणते, "वैनी, आमच्या शेळीची करडं चरायला लागली. तुमचं यंत्र अजून पोटातच हाय व्हय?" हसले. पण लागलं.

२२ ऑक्टोबर, दसरा

प्रोसेसर! हाच म्हणे कॉम्प्युटरचा मेंदू. पुण्याला आम्ही दोघीच गेलो. दुकानदाराने विचारलं, घरी बोर्ड कुठला? स्वरदाने धडाधड नंबर सांगितला. केवढा अभिमान वाटला! मी समोर झेंडू घेऊन येईपर्यंत वस्तू पिशवीतसुद्धा गेली होती.

घरी पूजेला उघडला. पालथ्या बाजूला नुसते सोनेरी ठिपके. म्हटलं, बोर्डाला भोकं आहेत, मग ह्याला काड्या नकोत का? "बसेल गं आई."

आपट्याचं पान वाहून नमस्कार केला. तिने केला नाही. म्हटलं, दमली असेल.

१३ नोव्हेंबर, पाडवा

बसत नाही!!

सकाळी राहिलेलं सगळं आणलं – कॅबिनेट, पडदा, कीबोर्ड. सतरंजीवर मांडलं. स्वरदाने प्रोसेसर बोर्डावर ठेवला. फिरवला. पुन्हा ठेवला. हे म्हणाले, "दाब की जरा." ती म्हणाली, "दाबून होत नाही, बाबा. हा नव्या जातीचा. आपला बोर्ड जुन्या जातीचा."

जुना? आठ महिन्यांत जुना? माझ्या आईची नथ पन्नास वर्षं झाली, अजून सोनंच आहे!

"पत्रिका न बघता लग्न लावलंस," म्हणून हे हसले. मला हसू येईना. औक्षणाचं ताट हातात तसंच. निरांजन विझलं तेही कळलं नाही.

१४ नोव्हेंबर

एकही मुहूर्त चुकवला नाही. मग काय चुकलं, देवा?

२२ नोव्हेंबर

कुणाला न सांगता दुकानात गेले. प्रोसेसर पुढे ठेवला. म्हटलं, पोरगी नवखी, नंबरात चुकली असेल.

दुकानदार म्हणाला, "चुकली नाही काकू. तुमच्या बोर्डाला बसणारा मी काढून ठेवला होता. तिने तो बाजूला सारला आणि हा मागितला. मी दोनदा सांगितलं, हा बसणार नाही. म्हणाली, माहितीये. हाच द्या."

हाच द्या! मी झेंडूचा भाव करत होते तेव्हा!

त्याने स्टूल दिलं, पाणी दिलं. माझी स्वरदा? देवापुढचा दिवा लावल्याशिवाय जेवायला न बसणारी?

घरी आले तर स्वरदा दारातच उभी. पिशवीकडे बघून तिने विचारलं, "बदलून दिला?" तोंड पांढरंफटक. भांडायचं ठरवूनच आले होते. तोंडातून निघालं – नाही.

तिने श्वास सोडला. वर्षभर कोंडून ठेवला होता जणू. मग मला मिठी मारून रडली. मी पदराने तिचे डोळे पुसले.

११ डिसेंबर

आज अमावास्या. पंचांग उघडलंच नाही. सकाळच्या एसटीत स्वरदाला बसवून दिलं, पेटी आणि चिवड्याचा डबा घेऊन. बस वळेपर्यंत हात हलवत होती.

घरी आले. दुकानदाराने त्या दिवशी बदलून दिलेला प्रोसेसर डाळीच्या डब्यातून काढला. बोर्डावर ठेवला. दाबावासुद्धा लागला नाही.

अलगद बसला.