पेवातली वाफ

नागपूर,
ता. १० फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप सत्यभामाताईस,
धाकट्या सहदेवचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि दाजींबरोबर धाडलेले तिळाचे लाडू दोन्ही पोचले. लाडू खोलीतल्या मित्रांनी संपवले, माझ्या वाट्याला पत्र आलं.

यंदा एम. ए.ला मानसशास्त्रात जे शिकतो आहे, ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हिएन्नाच्या एका डॉक्टरांची ही विद्या. ते म्हणतात, आपल्या अंगणातल्या धान्याच्या पेवासारखी एक खोल जागा माणसाच्या मनालाही असते. जे चारचौघांत बोलता येत नाही ते माणूस तिथे टाकतो आणि वरून लिंपून घेतो. पुढे तो ते विसरतो, पण ते आत कुजत राहतं आणि स्वप्नातून, विसरभोळेपणातून, दुखण्यातून वर येतं. त्या डॉक्टरांकडे अशा बायका येत की ज्यांची वाचा गेलेली असे, हात लुळा पडलेला असे, आणि अंगात तर काहीच बिघाड नसे.

वाचता वाचता मला तूच दिसायला लागलीस. नवरात्रात अष्टमीला तुझ्या अंगात देवी येते, केस सुटतात, आवाज बदलतो, आणि तुझ्या सासूबाई, आपल्या आत्याबाई, तुझे पाय धुऊन पुढ्यात वाकतात. ताई, ती देवी नाही, ती तूच. वर्षभर पदर सावरून गप्प बसलेली सून त्या दिवशी बोलते. मागच्या अष्टमीला देवीने सांगितलं की तुझ्या कोकिळेला सातवीनंतर चिखलीला आजोबांकडे ठेवून हायस्कुलात घाला. देवीला शाळेशी काय करायचं आहे? ती तुझी दाबून टाकलेली इच्छा. आमचे प्राध्यापक म्हणतात की अशा इच्छा बहुतेककरून स्त्रीपुरुषसंबंधातल्या असतात. तुझ्या बाबतीत ते किती खरं, हे मी सुट्टीत आलो की विचारून ठरवीन. रागावू नकोस, तू माझी पहिली रोगी.

जूनमध्ये मामा नवं दप्तर घेऊन येणार, असं कोकीला सांग. आत्याबाईंना आणि दाजींना नमस्कार. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
सहदेव


डोणगाव,
ता. २ मार्च १९६३

रा. रा. सहदेवराव यांस,
उत्तमरावचा स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. सुनेच्या माहेरचं पत्र ओसरीवर सगळ्यांसमोर वाचायचं, ही आमच्या घरची रीत आपल्याला ठाऊक आहे. आपल्याही घरी तीच आहे. त्या दिवशी हरभऱ्याची सोंगणी आटोपून चार पाहुणे बसले होते. मीच मोठ्याने वाचलं. मी अक्षरामागून अक्षर वाचत जाणारा माणूस, अर्थ मागाहून कळतो. थांबावं हे सुचलं तोवर वाचून झालं होतं. पाहुण्यांपैकी एकाने हसत विचारलं की कोनती इच्छा म्हंता हो, पाटील? मला मान वर करता आली नाही. आई उठून आत गेली.

आपली बहीण रोगी आहे हे आम्हा अडाण्यांना इतकी वर्षं कळलं नाही. आपण कळवलंत, उपकार झाले. कोकिळेची शाळा आईने देवीचा शब्द म्हणून कबूल केली होती. देवीच नाही म्हटल्यावर शब्द कुणाचा पाळायचा? मोताळ्याचं एक स्थळ पाहून आलो आहे. मुलगा बरा आहे. दप्तराची तसदी घेऊ नये.

आपल्या घरचा जावई म्हणून जो मान देत आलात तो पुढेही द्यावा, इतकंच मागणं.

आपला,
उत्तमराव


नागपूर,
ता. ९ मार्च १९६३

तीर्थस्वरूप ताईस,
सहदेवचा सा. न. वि. वि.

हे पाकीट हुस्नबानोभाभींच्या नावाने धाडतो आहे. भिंतीपलीकडच्या तुझ्या मैत्रिणीकडून ते तुझ्याच हाती पडेल. ही अक्कल मला महिन्यापूर्वी यायला हवी होती.

ताई, मला फार लाज वाटते. आपल्या घरी वहिनीची पत्रं वाचायचं काम माझ्याकडेच होतं. तिची आई काहीबाही दुखणीखुपणी लिहायची, मी ते सगळं बाबांसमोर मोठ्याने वाचायचो, आणि वहिनी चुलीकडे तोंड करून बसायची. मला हे आठवत नव्हतं असं कसं म्हणू? माझ्याच विद्येप्रमाणे विसरणंसुद्धा उगाच नसतं. माझी हुशारी तुझ्या सासरच्या ओसरीवर सगळ्यांनी ऐकावी असं तर माझ्या मनात नव्हतं ना? हा विचार आल्यापासून मेसच्या ताटावर बसवत नाही. तुला रोगी म्हटलं आणि रोग माझाच निघाला.

तू म्हणशील तर आत्याबाईंना लिहितो की माझं चुकलं, प्राध्यापकांनी मला झापलं, देवी खरी आहे. खोटं लिहीन, पण कोकीची शाळा वाचेल. दाजींचे पाय धरायला ये म्हणालीस तर उद्याच्या एसटीने निघतो. तुला तोंड दाखवायची हिंमत मात्र नाही. तू रागावलीस तरी चालेल, गप्प बसू नकोस.

तुझा,
सहदेव


डोणगाव,
ता. २५ मार्च १९६३

चि. सहदेव यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हुस्नबानो उद्या चिखलीला जाते आहे, तिच्याकडे हे पत्र पेटीत टाकायला देईन. तू आत्याबाईंना काही लिहू नकोस. तेही ओसरीवरच वाचलं जाईल.

तू लिहिलंस ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. देवी येते तेव्हा माझं मला भान नसतं, हे खरं. कोकीच्या शाळेचा घोर मी वर्षभर उराशी धरून होते, हेही खरं. खरं होतं म्हणूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. विहिरीवर बाया पदर तोंडाला लावतात. त्यांना शाळेची इच्छा ऐकू आली नाही, तुझ्या प्राध्यापकांची तेवढी ऐकू आली. यांच्याशी मी चार शब्द बोलले तरी घरातलं कुणी तरी हसतं आहे असं वाटतं. पाहुणे आले की मी आतून बाहेर येत नाही.

मग ठरवलं की आता आपल्याच तोंडाने मागू. आत्याबाई तूर पाखडत होत्या. जवळ जाऊन म्हणाले की कोकीला शाळेत जाऊ द्या. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाल्या की मले काय मालूम नव्हतं? तुह्या वयाची होती तवा माह्याही अंगात येत होती. माही सासू माह्यापुढं वाकली म्हनून उत्तम शाळेत गेला, नाही तर त्याले ढोरांमागं धाडून राह्यले होते. तिले मालूम होतं, मलेही मालूम होतं. आता चार मानसांत वाचून टाकलं. म्या कोनापुढं वाकू, सुनेपुढं? एवढं बोलून त्या रडल्या. त्यांना रडताना मी प्रथमच पाहिलं. मला माझ्यापेक्षा त्यांचीच लाज जास्त वाटली.

यांना यातलं काही सांगितलेलं नाही. ज्या देवीमुळे वाचायला शिकले तिच्यावरचं पत्र त्यांनीच वाचून दाखवलं, हे त्यांना सोसायचं नाही.

पेव उघडल्या उघडल्या आत कुणी उतरत नाही, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. तोंड उघडं टाकून वाफ जाऊ देतात, दिवा सोडून तो विझत नाही ना ते बघतात, मग माणूस उतरतो. तुझ्या पुस्तकात हे लिहिलेलं असेलच. नसलं तर तू लिहून घे.

मोताळ्याचं पक्कं झालं. लग्न वैशाखात आहे, तू ये. पाय धरायला नको, मामा म्हणून ये. कोकीला हाताला धरून मंडपात तुलाच आणायचं आहे. तिला अजून वाटतं की लग्न झालं तरी मामा दप्तर आणेल. आणू नकोस.

आणि एक मागते. ती सासरी गेल्यावर तिला कधी पत्र लिहू नकोस. उद्या तिच्या अंगात देवी आली, तर तिच्या सासूला वाकता आलं पाहिजे.

प्रकृतीला जप, जेवत जा. रागावले आहे, पण माया आहे तेवढीच आहे.

तुझी,
ताई