पेणच्या रस्त्यासाठी राखून ठेवलेले टायर

बाबा,

टायर आल्याचं आज सकाळी पक्कं झालं. सहम गावच्या आपल्या दुकानदाराने स्वतः फोन करून सांगितलं. तेरा इंची, चारही एकाच खेपेचे, याच वर्षी बनलेले आणि छोट्या घरगुती गाडीचे. मालवाहू गाडीचे नाहीत, हे मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. शेवटी तो वैतागला. "मॅडम, मैं टॉर्च मार के खुद डेट पढ़ रहा हूँ, और क्या करूँ?" तुम्ही ज्याच्याकडून टायर घ्यायचात त्याचा हा पुतण्या. चुलता केव्हाच केरळला परतला, पण दुकान तेच आहे आणि बोलण्याची पद्धतही तीच. चुलता "इन्शाल्ला" म्हणाला की तुम्ही गाडीत बसल्यावर माझ्याकडे बघून म्हणायचात, "म्हणजे आज नाही." गेले काही आठवडे पुतण्या मला रोज इन्शाल्ला म्हणत होता. आज पहिल्यांदा त्याने "खलास, आ गया" म्हटलं.

एवढ्याशा बातमीसाठी मला जो ताप झाला त्याचा राग कुणावर काढायचा हे मला ठरवता येत नव्हतं. घरात काढून झाला, दुकानदारांवर काढून झाला. मग लक्षात आलं की तो तुमच्यावर काढायचा राहिला आहे.

तुमची गाडी यंदा तपासणीत नापास झाली. मुलकियाची, म्हणजे नोंदणीची, मुदत संपत आली म्हणून मी तिला तपासणीला नेलं होतं आणि तिथे पहिल्यांदाच अगदी निर्धास्त उभी होते. कारण यंदा मी तुमचे ते चांगले टायर काढले होते. तुम्ही चादरीत गुंडाळून ठेवलेले. आधीचे गुळगुळीत झाले होते, त्या मापाचे नवे कुठे मिळत नव्हते, आणि मनात म्हटलं, आता नाही तर कधी? चादरी सोडल्या तर काय सांगू, बाबा, कालच कारखान्यातून आल्यासारखे काळेभोर, नक्षी पूर्ण, कडेचे रबराचे बारीक केससुद्धा जागेवर. तपासणी करणारा ओमानी अधिकारी वाकला, टायरच्या बाजूला छापलेला आठवडा आणि वर्ष त्याने वाचलं, आणि नखाने रबर दाबून पाहिलं. नख रुतलं नाही. "गाडी अच्छा," तो म्हणाला, "टायर बुड्ढा."

"बुड्ढा कैसे? देखो, पूरा नया है. चला ही नहीं."

"नहीं चला, फिर भी बुड्ढा," त्याने मला शांतपणे समजावलं आणि बोटाने टायर किंचित बाजूला ओढून दाखवला. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या, सगळीकडे. मग गाडीभोवती एक चक्कर मारून तो हसला. "मुलकिया खलास होने से पहले आओ, मदाम. नंबर गया तो वापस नहीं मिलेगा. अभी घर में गाडी कौन बनाता है?"

त्याचं बरोबर आहे. घरी जोडलेली गाडी आज नव्याने नोंदवता येईल असं मला कुणीही सांगितलेलं नाही. तुमच्या वेळी जमलं ते जमलं. एक इंग्रज इंजिनियर नोकरी सोडून जाताना लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरची बॉडी आणि खोक्यांतले सुटे भाग तुमच्या गळ्यात मारून गेला, आणि कंपनीच्या वर्कशॉपमधून सुटलात की तुम्ही मस्कतमध्ये अझैबातल्या आपल्या घरामागे ती गाडी जोडत बसायचात. इंजिन एका जुन्या जपानी गाडीचं. दोन सीट, वर छत नाही. आई तिला 'टब' म्हणायची. तुम्ही कार्ब्युरेटरचे भाग तिच्या इडलीपात्रात धुवायला टाकले त्या दिवशी तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं, आणि आपण दोघं मागच्या पायरीवर बसून ब्रेड खाल्ला. पण त्या टबला नंबर मिळाला तेव्हा आईनेच नारळ फोडला. तो नंबर गेला तर गाडी म्हणजे अंगणातलं सामान. तुमचे जावई तर दिवस मोजत बसलेत. त्यांना त्या जागी सावलीत स्वतःची गाडी लावायची आहे.

पण मी त्या चादरींबद्दल बोलत होते. ते टायर तुम्ही त्याच इंग्रजाकडून मागवले होते. खास हलक्या गाडीसाठी बनलेले, मऊ रबराचे. ते आले त्या दिवशीचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. टेबलावर भाजी चिरलेली आहे, तुम्ही ती बाजूला सारता, टायर टेबलावर आडवा ठेवता आणि मला म्हणता, "दाब." मी अंगठा दाबते, रबर आत जातं. "असं पाहिजे," तुम्ही म्हणता. आणि मग तुम्ही आईच्या कपाटातून चादरी काढता. आई ओट्यापाशी उभी आहे. "घरात माणसांना धड पांघरूण नाही आणि चाकांना सोलापुरी चादर!" तुम्ही ऐकूनही ऐकत नाही. एकेक टायर गुंडाळता, गाठ मारता, डांबराच्या गोळ्या टाकता आणि स्टोअररूमच्या वरच्या फळीवर चढवता. "हे इथे नाही वापरायचे. हे पेणला."

पेणला! आपल्या घरात चांगलं ते सगळं पेणला होतं. नवे टॉवेल पेणच्या बॅगेत, अत्तराची बाटली पेणच्या बॅगेत, न उघडलेला मिक्सर पेणसाठी. इथे फाटके टॉवेल आणि खरखरणारा जुना मिक्सर. आखातातल्या आपल्या सगळ्यांच्याच घरी पलंगाखाली अशी एक बॅग असायची. इथे आपण दिवस काढत होतो आणि जगणं तिकडे गेल्यावर सुरू होणार होतं. अत्तर उडून गेलं, टॉवेलांना घडीवर पिवळे डाग पडले. ते मी समजू शकते. पण टायर, बाबा? तुम्ही तर वर्कशॉपमध्ये लोकांना ओरडून सांगायचात की टायर पळून जेवढा झिजतो त्याहून बसून जास्त सुकतो.

मला तो गोल चौकातला दिवस अजून खुपतो. मला नुकतं लायसन्स मिळालं होतं. गाडीला तेव्हा तुम्ही कंपनीच्या भंगारातून आणलेले छोट्या मालवाहू गाडीचे टायर लावले होते, जाड, कडक, कधीही न संपणारे. चौकातल्या हिरवळीला घातलेलं पाणी रस्त्यावर वाहून आलं होतं. मी ब्रेक दाबला, चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी सरळ घसरत कठड्यावर गेली. कुणाला लागलं नाही. घरी येऊन मी रडत सांगितलं की ब्रेक लागले नाहीत. तुम्ही खाली बसून चाकं पाहिलीत आणि म्हणालात, "ब्रेक लागले. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. ते टायर माल लादलेल्या गाडीचे आहेत. आपल्या गाडीला वजनच नाही, तिच्याखाली ते रबर कधी दबतच नाही, लाकूड ते लाकूडच राहतं. तुला कळायला नको?"

मला? टायर तुम्ही लावलेत आणि कळायला मला हवं होतं! मी तेव्हा एवढंच म्हणाले, "मग ते वरचे काढा ना." तुम्ही हात पुसत म्हणालात, "ते पेणला." आई आतून म्हणाली, "अहो, पोरगी इथे गाडी चालवते, पेणला नाही." 

मान्य आहे, पुढच्याच सुट्टीला तुम्ही मला घेऊन सहमला गेलात. मस्कतभर फिरून झाल्यावर कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की तिथल्या एका दुकानात जुन्या मापाचे टायर पडून असतात. त्या दिवशी तुम्ही मला शिकवलंत ते मी अजून विसरलेले नाही. किंमत शेवटी विचारायची. रुंदी बघून भुलायचं नाही, हलक्या गाडीला रुंद टायर म्हणजे पोराला बापाचे बूट. आधी तो किती भार उचलण्यासाठी बनलाय ते बघायचं, मग वर्ष, मग अंगठा. गाडी दुकानात न्यायची नाही, चाकंच काढून न्यायची, कारण दुकानातला जॅक आपल्या सांगाड्याला वाकवेल. आणि हवा कमी, इतर गाड्यांच्या जेमतेम निम्मी. घरी येऊन तुम्ही आईच्या रांगोळीच्या खडूने टायरवर आडवी रेघ मारलीत आणि मला गल्लीतून एक फेरी मारायला लावली. रेघ फक्त मधोमध पुसली गेली. "हवा जास्त आहे," तुम्ही म्हणालात, थोडी सोडलीत आणि पुन्हा रेघ मारलीत. रेघ सगळीकडे सारखी पुसली जाईपर्यंत तुम्ही मला जेवायला बसू दिलं नाहीत. साधे, स्वस्त, छोट्या हॅचबॅकचे टायर होते ते. त्यांच्यावर गाडी रस्ता धरून चालायला लागली. त्याच मापाचे, त्याच दुकानातले टायर मी पुढे तुमच्यामागेही घेत राहिले.

आता मात्र ते माप संपत आलं आहे. अल मवालेहच्या आमच्या घरापासून मी विचारत निघाले. पहिल्या दुकानात माझ्याशी कुणी बोललंच नाही, सोबत आलेल्या तुमच्या जावयांशी बोलले. जावयांना टायर गोल असतो एवढंच ठाऊक. दुसऱ्याने मालवाहूचेच टायर पुढे केले. "बहुत मजबूत, मॅडम, लाइफटाइम चलेगा." मला ते माहीत होतं, म्हणूनच नको होते. तिसऱ्याने पंधरा इंची चाकं टाकायचा सल्ला दिला. त्यात टायर हवे तेवढे मिळतात, फक्त चाक मडगार्डमध्ये मावत नाही. इंग्लंडहून मागवावेत तर टायरवर आखाती देशांचा शिक्का नाही, बंदरात अडकले तर तिथेच सुकणार. पेट्रोल पंपावरचा माणूस मी नको म्हणत असताना हवा भरत होता. "मॅडम, पैंतीस से कम में टायर फटेगा." त्याच्या हातातून नळी काढून घेताना मी ओरडले. मला ओरडायची सवय नाही, तुम्हाला माहीत आहे.

"अगं, विकून टाक ना कुणा हौशी माणसाला," जावई म्हणाले. "शेवटी गाडीच आहे."

"टायरशिवाय घेणार कोण?"

"मग टायर लावून विक."

"टायर मिळाले तर विकू कशाला?"

यावर ते सावलीकडे बघत राहिले.

मग आईला फोन केला. ती आता पेणलाच असते, तुम्ही बांधलेल्या घरात. टायर नापास झाले म्हटल्यावर तिने पहिल्यांदा चादरींची चौकशी केली. मग म्हणाली, "एक सांगू? इथे आपल्या गल्लीच्या तोंडाशीच एवढा उंच स्पीडब्रेकर आहे, पुढे आणखी. तुझ्या बाबांचा टब पहिल्याच ठिकाणी पोटावर बसला असता. रिक्षासुद्धा कण्हत जाते." तिला हसू आवरेना. मलाही हसू आलं, आणि फोन ठेवल्यावर इतका राग आला की काही सुचेना. तुम्ही निवृत्तीच्या आधीच, इथेच आम्हाला सोडून गेलात. गाडी पेणला जाणार नव्हती आणि गेली असती तर चालणार नव्हती. ज्या रस्त्यावर ती रोज धावत होती तो, समुद्राकाठचा गुळगुळीत डांबरी रस्ता, त्या मऊ टायरांसाठीच केल्यासारखा होता. एकदा तरी लावायचे होते. एकदा अझैबाच्या किनाऱ्याने आपण दोघं गेलो असतो. आता ते टायर लावून मी जेमतेम तपासणी केंद्रापर्यंत जाऊन आले. अंगाला दगड बांधल्यासारखी चालली गाडी.

उद्या सकाळी आम्ही सहमला निघू. मी चारही चाकं काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आहे, चाकं जावयांच्या मोठ्या गाडीत भरली आहेत, आणि तेही कुरकुर करत का होईना येताहेत. संध्याकाळपर्यंत चाकं परत बसतील, मग खडूची रेघ. रांगोळीचा खडू घरात नाही, मुलीच्या जुन्या दप्तरात शाळेचा सापडला. परवा तपासणी. तो अधिकारी नख दाबेल आणि ते रुतेल. वर्ष नवं आहे, भार बरोबर आहे. नापास व्हायला काही कारण उरलेलं नाही, त्यामुळे नंबर राहील.

एक गोष्ट राहिली. सकाळच्या फोनवर दुकानदार शेवटी म्हणाला, "मॅडम, ये साइज अब आगे नहीं आएगा. मेरे पास एक और सेट है. रख दूँ आपके लिए?" मी सांगितलं की रबर ठेवून टिकत नाही, मला चारच हवेत. अगदी तुमच्या वर्कशॉपमधल्या आवाजात सांगितलं. तो म्हणाला, "सोच लो, कल तक है."

त्याला मी अजून काही कळवलेलं नाही. पण आमच्या घरातल्या स्टोअररूमची वरची फळी दुपारीच पुसून ठेवली, आणि चादरी धुवायला टाकल्या आहेत.