घरच्यांच्या खुर्च्या

३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या गुडघ्याबद्दल वाचलं. त्यांनी माझी चौकशी केली असं तू लिहिलं नाहीस, म्हणजे केली नसणार. असो.

इकडची खबर बरी नाही. आमच्या नाटक कंपनीचं अनुदान थांबण्याची वेळ आली आहे, आणि कारण आम्हीच. तुला ठाऊक आहे, आम्ही सगळे एकाच माळेचे मणी. कोणी पुरुषावर जीव टाकणारा पुरुष, कोणी बाईवर जीव टाकणारी बाई, आणि आमचा शिंपी, ज्याला जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगी ठरवलं होतं. निम्म्यांना घरून हाकललं, निम्मे आपणहून निघाले. म्हणून पहिल्या प्रयोगापासून आमची एक रीत आहे. पुढच्या रांगेत प्रत्येकाने आपल्या घरच्यांसाठी एक खुर्ची राखायची आणि तिच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवायची. कोणाची 'आई', कोणाचा 'मामा', माझी 'ताई'. ती खुर्ची विकायची नाही, पडदा वर गेला तरी कोणाला द्यायची नाही.

मागच्या प्रयोगाला अनुदान देणाऱ्या संस्थेच्या बाई आल्या. तिकिटं संपली म्हणून दारातून माणसं परत चालली होती, पण बाईंना दिसली ती मोकळी रांग. या कंपनीला प्रेक्षकच नाहीत असं त्यांनी लिहून टाकलं! हातापाया पडलो तेव्हा कुठे तेवीस तारखेला पुन्हा यायला तयार झाल्या. तेव्हा हॉल भरलेला दिसला नाही, तर लाँड्रीच्या वरचा हा हॉल सुटला, आणि आम्हीही चार दिशांना पांगलो.

शिंपी म्हणतो चिठ्ठ्या काढून त्या खुर्च्या विका, इतक्या वर्षांत कोण आलंय? बाकीचेही हो म्हणाले. मी एकटाच अडून बसलोय. तू येणार असशील तर तुझी खुर्ची हलू देणार नाही, कोणी काही म्हणो. लवकर कळव.

भाच्यांना पापा. लोभ आहे तेवढा पुरे, त्यात काटछाट मात्र करू नकोस.

तुझा धाकटा


१० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वेडा की काय तू? माझ्या एका खुर्चीपायी कंपनी बुडवतोस? शिंप्याचं म्हणणं ऐक. तो डोक्याने चालतो, तू लहानपणापासून हट्टाने.

माझं येणं जमेलसं वाटत नाही. तुझे दाजी फिरतीवर, बाबांना एकटं सोडवत नाही, आणि शाळेत परीक्षा तोंडावर. शिवाय कुठे निघालीस असं बाबांनी विचारलं तर काय सांगू? तूच सांग.

पोटभर जेव. बोलताना हातवारे कमी कर, मागच्या जन्मी तू पवनचक्की असशील. तुझ्या आठवणीने घर अजून मोठं वाटतं, हे बाबांनाही वाटत असावं. माया आहेच, लिहायला लावू नकोस.

तुझी ताई


२४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी प्रयोग झाला. तुझी चिठ्ठी मी स्वतः काढली. हॉल खच्चून भरला, बाई दोनदा हसल्या, आणि जाताना वर्षभराची काळजी करू नका म्हणाल्या. शिंपी इतका रडला की त्याची रंगवलेली दाढी ओघळली.

मग सगळे मिळून जेवायला गेले. मला किल्ली परत करायची आहे असं सांगून मी मागे राहिलो. खोटंच सांगितलं. तुझ्या जागी एक जाडजूड गृहस्थ बसले होते, मध्यंतरानंतर ते चक्क पेंगायला लागले. मी प्रत्येक प्रयोगात तुझ्या खुर्चीकडे बघून बोलत आलो, ताई. ती रिकामी असली तरी तुझी होती. काल भरलेल्या हॉलमध्ये मला जेवढं एकटं वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं.

जाऊ दे. तू आली नाहीस ते बरंच झालं म्हणायचं, नाहीतर तुला बसवलं असतं कुठे?

बाबांना नमस्कार सांगता आला तर सांग. तू आहेस तशीच राहा.

तुझा धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आत हे लिहून टाकते, नंतर धीर होणार नाही.

काल मी आले होते. बाबांना शेजारच्या काकूंवर सोपवलं आणि निघाले. तुला कळवलं नाही. मागे कुठेतरी बसायचं आणि प्रयोग संपल्यावर तुझा कान धरायचा, असं ठरवलं होतं. गाडी उशिरा पोचली. दारावरच्या मुलीने हॉल भरल्याचं सांगितलं. मग माझ्याकडे निरखून बघत तिने विचारलं, की मी कलाकारांपैकी कोणाच्या घरची आहे का. असेन तर ती स्वतःचं स्टूल आत लावून देणार होती, कारण घरच्यांना परत पाठवायचं नाही असा तुमच्याकडे नियम आहे.

'हो' एवढंच बोलायचं होतं. मागे कोणी ओळखीचं नव्हतं, आणि तरी माझी जीभ उचलेना. मी म्हटलं की नाही, सहज आले होते.

मग जिन्यात उभी राहिले. खालून लाँड्रीची गरम वाफ येत होती आणि दाराआडून तुझा आवाज. शब्द कळत नव्हते. लोक हसले की मीही हसत होते. टाळ्या सुरू झाल्या तशी खाली उतरले.

चिठ्ठी काढली म्हणून ताईला जागा मिळाली नाही, असं मनाला लावून घेशील, मी तुला ओळखते. तसं करू नकोस. जागा होती, धाकट्या. मीच नाही म्हणाले.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझी ताई